फॉर्मवरचा तो रकाना

सोलापूर, रविवार दुपार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास. सूनबाईचं नाव बाळंतपणासाठी दवाखान्यात घालताना फॉर्म भरला, शुगर-बीपीपुढे आजीचं लिहिलं आणि 'कुटुंबात कुणाला मानसिक आजार' या रकान्यात 'नाही' लिहून टाकलं. मी गप्प बसले. शेजारी बाबा पेपर वाचत होते, आणि फोनवर मला असलं बोलता येत नाही. म्हणून हे पत्र.

तुला रागावणार नाही. 'नाही' म्हणायला तुला मीच शिकवलंय.

मामाच्या आजाराची सुरुवात तू पाहिली नाहीस. १९८९ साल. तो वीस वर्षांचा, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला. आमची चाळ लक्ष्मी-विष्णू मिलपासून जवळ. भोंगा झाला की पाणी भरायचं, भोंगा झाला की भाकरी टाकायची, अप्पा पाळीवरून येतील म्हणून. एके दिवशी तो मला म्हणाला, "अक्का, भोंगा माझं नाव घेतोय." मी हसले. महिन्याभरात तो कानात कापूस कोंबून बसायला लागला. पुढे नव्वदच्या दशकात मिलच बंद पडली, भोंगा गेला. त्याला मात्र पाळीच्या वेळा शेवटपर्यंत ऐकू येत होत्या.

दीड वर्ष देवऋषी आणि अंगाऱ्यांत घालवलं. बाहेरचं आहे हे सांगायला अख्खी चाळ आली होती. मग एका डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला, स्किझोफ्रेनिया. अप्पांना तो म्हणता यायचा नाही. ते शेवटपर्यंत 'डॉक्टर म्हणाले ते' एवढंच म्हणत.

इंजेक्शनांनी आवाज दबले, पण हात लाकडासारखे झाले. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा. मग त्या ताठरपणावर वेगळी गोळी. आजी गेल्यावर तो आपल्याकडे आला (बाबांनी एका शब्दानं विचारलं नाही, किती दिवस म्हणून, हेही कधी तरी लक्षात घे) आणि तू चौथीत असताना क्लोझापिन सुरू झालं. या गोळीनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं आणि नंतर महिन्याला. तुला आठवत असेल, कोपराच्या वळणात कापूस दाबून तो यायचा आणि म्हणायचा, "रक्त विकून जिलबी आणली रे." ती जिलबी तू मिटक्या मारत खायचास.

त्या गोळीनं रात्री लाळ गळते. सकाळी तो उशीचा अभ्रा स्वतः काढायचा, ओला भाग आत जाईल अशी घडी घालायचा आणि बादलीत न टाकता बादलीशेजारी ठेवायचा. बावीस-तेवीस वर्षं, रोज.

गोळ्या चुकल्या की पहिला संशय जेवणावर यायचा. "अक्का, आधी तू खा." मी कडक भाकरीचा तुकडा मोडायचे, शेंगा चटणीला लावायचे, खायचे आणि तोंड उघडून दाखवायचे. मग तो त्याच ताटातलं जेवायचा. तू विचारायचास, आई मामाच्या ताटातलं का खाते? मी सांगायचे, मीठ बघते.

बघ, तेव्हापासूनची सवय आहे माझी.

एकदा चार दिवस सापडला नाही. कुर्डुवाडी स्टेशनवर एका चहावाल्यानं त्याला बसवून ठेवलं होतं, खायला घालून. तुला सांगितलं होतं, मामा पंढरपूरला गेलाय.

पण त्याचं सगळं आयुष्य आजारपणात गेलं असं समजू नकोस. कारखान्यात तो मागाच्या सुताच्या कांड्या भरायचा, चांगलं काम होतं. मालकाला ठाऊक होतं, आवाज सुरू झाले की हा थोडा वेळ ट्रान्झिस्टर कानाला लावून बसतो आणि मग परत उठतो. बिडीचे दोन कट्टे मात्र रोज लागायचे. आणि संक्रांतीला गड्डा, आपल्या सिद्धेश्वराची जत्रा. सातही नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघाल्या की तो कुठल्या तरी पांढऱ्या बाराबंदीवाल्याच्या मागोमाग चालत संमती कट्ट्यावर पोचायचा आणि सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता टाकून यायचा. एवढ्या गर्दीत तुला त्रास होत नाही का, मी विचारलं होतं. म्हणाला, "तिथं सगळेच ओरडतात, अक्का. माझे आवाज त्यात मिसळून जातात."

आता जे लिहिते ते बाबांनाही अर्धंच माहीत आहे. २०१९ ला तुझं लग्न. मला धास्ती, की मंगलाष्टकं चालू असताना हा काही तरी बोलेल. व्याह्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, हा माझा मानलेला भाऊ, आमच्याकडे राहतो. मानलेला. त्या दिवशी सकाळच्या दुधात मी त्याची झोपेची गोळी घातली, डॉक्टरांना न विचारता. आधी तू खा म्हणणाऱ्या माणसानं ते दूध माझ्या हातातून घेतलं आणि पिऊन टाकलं. त्या दिवशी म्हणाला नाही, आधी तू पी.

गुरुजींनी विचारलं, मुलाचे मामा कुठे? माझा चुलतभाऊ पुढे झाला आणि तुझ्यामागे उभा राहिला. तुझा मामा वरच्या खोलीत खुर्चीतच झोपला होता. संध्याकाळी उठल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "झाल्या का अक्षता?" त्याच्या शर्टाच्या खिशात मूठभर अक्षता होत्या, घरून आणलेल्या.

२०२३ मध्ये गेला तो, चोपन्नाव्या वर्षी. आठवडाभर छातीत जळजळतंय म्हणत होता. जिथं दाखवलं तिथं आधीची फाइल बघून म्हणाले, डोक्यातलं आहे. त्यांना काय बोल लावू, मलाही तेच वाटलं होतं. हार्ट अटॅक होता. नंतर त्याच्या जुन्या डॉक्टरांनी सांगितलं, या आजाराची माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात, आणि बहुतेक जण हृदयविकार, शुगर, बिडी-सिगारेट असल्या कारणांनीच. मी तीस वर्षं त्याच्या कानातल्या आवाजांवर पहारा दिला आणि छातीकडे बघितलंच नाही.

बाळाची काळजी तुझ्या मनात आली असेल, म्हणूनच कदाचित 'नाही' लिहिलंस. मीही तुझ्या वेळी हेच घेऊन रात्र-रात्र जागले होते. डॉक्टरांनी मला समजावलं ते असं: हा आजार साधारण शंभरात एकाला होतो. आई-वडिलांपैकी एकाला किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर शंभरात दहाच्या आसपास. मामा-भाच्याच्या नात्यात दोन-तीन. तुझं बाळ त्याहून लांब, म्हणजे जवळजवळ चारचौघांइतकंच. पुरुषांत तो बहुतेक करून विशीच्या आसपास सुरू होतो. तू एकविसाव्या वर्षी हॉस्टेलवर आजारी पडलास तेव्हा मी रात्रीच्या गाडीनं का धावत आले ते आता कळलं ना? तुला साधा टायफॉइड होता आणि मी तुझ्या रूममेटला विचारत होते, हा एकटा बोलतो का.

सूनबाईला तू सांग, किंवा मला सांगू दे. तिनं त्याला दोन दिवाळ्यांना ओवाळलंय, मानलेला मामा म्हणून. तिच्या आई-वडिलांशी मी स्वतः बोलेन, ते माझ्याकडे लागू.

चटणी पाठवतेय, तिखट आहे, तिला देऊ नकोस. आणि पुढच्या तपासणीला गेलात की तो फॉर्म मागून घे आणि 'नाही' खोड. नातं विचारलं तर आईचा सख्खा भाऊ असं लिही.

तुझी
आई