मिलिंदला पत्र: भटांकडून जूलियनांकडे

कोल्हापूर

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू विचारलंस, "सध्या काय वाचतोयस?" त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून सवडीनं लिहितोय.

सुरेश भटांच्या गझला आपण गाणी म्हणूनच ऐकत आलो. मध्यंतरी यूट्यूबवर ते स्वतः गझल म्हणतानाचं रेकॉर्डिंग सापडलं आणि चालीखाली दडलेला शब्द पहिल्यांदा नीट ऐकू आला. तिथून इंटरनेटवरच त्यांची 'गझलेची बाराखडी' मिळाली. नव्यानं लिहिणाऱ्या पोरांना भटांनी फुकट वाटलेली ही छोटी पुस्तिका. काफिया म्हणजे यमक, रदीफ म्हणजे यमकानंतर तसेच पुन्हा येणारे शब्द, अलामत म्हणजे यमकातला न बदलणारा स्वर, सगळं हातचं काही न राखता सांगितलंय. गझलेतला प्रत्येक शेर, म्हणजे दोन ओळींची जोडी, ही आपल्या पायावर उभी राहणारी कविता असते, हे त्यातलं मर्म.

मग साहजिकच वाटलं, भटांच्या आधी कोण? शोधत गेलो तर माधव जूलियन! लेका, हा माणूस आपल्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होता. शाळेच्या पुस्तकात त्यांची कविता होती, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. फारसीचा गाढा अभ्यास, फार्शी-मराठी कोश त्यांनी केलेला, आणि त्याच ओढीनं गझल मराठीत आणली. ते १९३९ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे त्यांची पुस्तकं कुणालाही स्कॅन करून ठेवता येतात. 'गज्जलांजलि' हा त्यांचा गझलांचा संग्रह (गझलेला ते 'गज्जल' म्हणत) मी असाच वाचला. पिवळी पडलेली पानं, एका शेरावर ग्रंथालयाचा जांभळा शिक्का, आणि समासात कुणीतरी पेन्सिलनं मांडलेले लघु-गुरू. कोण असेल तो वाचक? अक्षरं मोजत बसलेला. मी बराच वेळ त्याच पानावर होतो.

जूलियनांच्या गज्जलेत शेर सुटे नसतात, एकच भाव पहिल्यापासून शेवटपर्यंत वाहतो, म्हणून ती खरी गझल नव्हे असं जाणकार म्हणतात. नियमानं ते बरोबर आहे. पण फारसी वृत्तं मराठीच्या तोंडी बसवण्याचं कष्टाचं काम या माणसानं केलं, त्याचं मोल कमी होत नाही.

एका गोष्टीनं मात्र जीव जळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कविता फिरतात आणि कवीचं नाव कापलेलं असतं, नाहीतर भलत्याचंच चिकटवलेलं. ज्यानं वृत्तासाठी रात्री घालवल्या त्याचं नाव लिहायला किती वेळ लागतो रे? मी आता नाव आणि संग्रह शोधल्याशिवाय एकही कविता पुढे पाठवत नाही. तूही पाठवू नकोस.

'गज्जलांजलि'ची लिंक सोबत पाठवतोय. मोठ्यानं वाच, मनातल्या मनात नको. आणि त्यातला एखादा तरी शेर एकटा उभा राहतो का, ते मला कळव. माझ्या मते राहतात, पण तुझा कान माझ्यापेक्षा तयार आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
संजय