देवय्यांना मूठमाती देणाऱ्या सरगोध्याच्या गावकऱ्यांस

सादर प्रणाम.

तुमची नावं कुठल्याच कागदावर आलेली नाहीत. तुमच्यातले बहुतेक जण आता हयातही नसतील, म्हणून हे पत्र तुमच्या लेकरानातवंडांनाही आहे.

सप्टेंबर 1965 मध्ये, भारत-पाकिस्तान युद्धात, पाकिस्तानातल्या सरगोध्यापासून फार लांब नाही अशा तुमच्या शिवारात एक भारतीय वैमानिक मरून पडलेला तुम्हाला दिसला. देह जवळजवळ धड होता. लढाई ऐन भरात होती आणि तो तुमच्याच भागातल्या हवाई तळावर हल्ला करायला आला होता. त्याचे कुणी हाल केले असते तरी त्या दिवसांत जाब विचारायला कोण येणार होतं? तुम्ही त्याला रीतसर पुरलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

तो वैमानिक म्हणजे स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या. कोडगूचे, वय 32. पंजाबातल्या आदमपूर तळावरच्या 1 नंबर स्क्वाड्रनचे, म्हणजे ‘टायगर्स’चे. 7 सप्टेंबरच्या पहाटे विंग कमांडर ओ. पी. तनेजा यांनी सरगोध्यावर 12 मिस्टिअर लढाऊ विमानं न्यायची ठरवलं, त्यात देवय्यांचं नाव नव्हतं. ते राखीव होते. आयत्या वेळी एक विमान गळालं, म्हणून त्यांनी ती जागा घेतली.

परतीच्या वाटेवर पाकिस्तानी हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांच्या स्टारफायटर या लढाऊ विमानानं त्यांना गाठलं. स्टारफायटरचा वेग ध्वनीच्या दुप्पट, तर मिस्टिअर सरळ उड्डाणात ध्वनीच्या वेगालाही पोचत नसे. पळून सुटका नव्हती. आणि लढायचं म्हटलं तर आदमपूर ते सरगोधा आणि परत एवढ्या पल्ल्यात इंधनाचा हिशेब इतका काटेकोर, की चकमक केली की घरी पोचणं मुश्कील. देवय्यांच्या विमानाला गोळ्या लागल्या होत्या. हे विमान संपलं असं समजून अमजद दुसऱ्या मिस्टिअरमागे वळले, तेव्हा देवय्या त्यांच्यावर चालून गेले. देवय्यांच्या तोफांनी स्टारफायटर पाडलं. अमजद पॅराशूटनं सुखरूप उतरले. देवय्या तुमच्या शेतात राहिले.

मी वायुसेनेत जमिनीवरचं काम केलं, विमानांच्या देखभालीचं. उड्डाणाआधी वैमानिकाला सीटवर पट्टे आवळून बांधायचं, इजेक्शन सीटच्या लाल फडक्यांच्या पिना एकेक काढून त्याला दाखवायच्या, त्यानं मान हलवली की शिडी काढून बाजूला व्हायचं. त्याच्याशी शेवटचा बोललेला माणूस बहुतेक वेळा आमच्यातलाच असतो. मग टारमॅकवर उभं राहून परतणारी विमानं मोजायची. एक कमी भरलं तरी लगेच कुणी काही बोलत नाही. दुसऱ्या तळावर उतरला असेल, असं म्हणत इंधन संपायची वेळ टळून जाईपर्यंत सगळे आकाशाकडे बघत राहतात. त्यानंतर त्याच्या नावापुढे ‘बेपत्ता’ लागतं. मेल्याचा दाखला नाही आणि जिवंत असल्याची खूणही नाही.

देवय्यांच्या बाबतीत त्यांनी काय केलं हेही आमच्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. पाडलेल्या मिस्टिअरचे तुकडे लागून स्टारफायटर पडलं, असं पाकिस्तानात सांगितलं जाई. 1979 साली पाकिस्तानी हवाई दलाच्या सहकार्यानं जॉन फ्रिकर या इंग्रज लेखकानं त्या युद्धावर पुस्तक लिहिलं आणि झुंजीची हकीकत बाहेर आली. तनेजांनी ती वाचली आणि आपल्या माणसाला न्याय मिळावा म्हणून पाठपुरावा केला. 1988 मध्ये, म्हणजे 23 वर्षांनी, त्यांच्या पत्नी सुंदरी देवय्यांच्या हाती महावीर चक्र आलं. कोडगूतल्या मडिकेरीत आज देवय्यांचा पुतळा आहे. आणि त्यांचा देह तुम्ही पुरलात, ही बातमीही तुमच्याकडूनच आमच्यापर्यंत पोचली.

एवढं कळणंसुद्धा किती मोठं असतं, ते मला 1971 नं शिकवलं. त्या युद्धात आमचे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे 5 डिसेंबरला सुखोई-7 विमान घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोटवर हल्ल्याला गेले आणि परतले नाहीत. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. भारतीय वैमानिक पकडल्याची बातमी तेव्हाच्या पाकिस्तानातल्या एका वर्तमानपत्रात छापून आली, त्यात ‘टॉम्बे’ असं एक नाव होतं. त्या एका नावाच्या आधारावर या बाईंनी उभा जन्म शोधात घालवला. 2007 साली बेपत्ता सैनिकांचे 14 नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांतून फिरून आले. कुणाचा माणूस भेटला नाही. श्राद्ध घालायचं की वाट बघायची, याचा निर्णयसुद्धा त्या घरांना करता आला नाही. आमच्याकडे वर्षातला सर्वपित्री अमावास्येचा दिवस अशा घरांत फार जड जातो.

त्या घरांच्या तुलनेत देवय्यांच्या माणसांना निदान एक उत्तर मिळालं. ते तुमच्यामुळे.

तुमच्याकडे 7 सप्टेंबर हा हवाई दलाचा दिवस असतो. आपल्या वैमानिकांची आठवण तुम्ही काढता, ती काढायलाच हवी. अमजद हुसेनही धाडसानं लढले, याबद्दल आमच्या बाजूच्या जाणत्या लोकांना शंका नाही.

एक विनंती करतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून कुणी ती जागा ऐकली असेल, हे शेत की तो बांध एवढं जरी आठवत असेल, तर ते लिहून ठेवा आणि जमेल त्या वाटेनं आमच्यापर्यंत पोचवा. त्या मातीला हात लावू द्याच, असा हट्ट नाही. तिथे एक साधा दगड उभा राहिला तरी पुरे.

तुमचा ऋणी,
एक निवृत्त वायुसैनिक