पाच जणींची वाकळ आणि पालकाची सही

संपादक महोदय,

दिव्यांग महिलांना शिलाई मशीन वाटल्याची बातमी आपल्या अंकात फोटोसह वाचली. मशीन मिळालं, चांगलंच झालं. पण कर्णबधिर बाईचं घोडं मशीनच्या फार आधी अडतं. गेली दोन वर्षं ते मी रोज बघतेय, म्हणून हे पत्र.

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत २८ वर्षं शिकवलं. माझ्या पाच माजी विद्यार्थिनी मिरज तालुक्यातल्या तीन गावांत राहतात. पाचही जणी आईच्या नाहीतर सासूच्या हाताखाली वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला शिकल्या. त्यांची नावं इथे देत नाही. आपसात त्यांची नावं खुणांचीच आहेत. गालाला बोट लावलं की ती खळीवाली. दर बुधवारी त्या माझ्या पुढच्या खोलीत जमतात आणि विकायच्या वाकळी शिवतात.

ऐकणाऱ्या बायका वाकळ शिवताना गप्पा मारतात आणि हात चालूच राहतो. यांच्या गप्पाच हातांच्या. बोलायचं तर सुई कापडात टोचून ठेवायची आणि सगळ्यांना दिसेल असं बसायचं. वीज गेली की बोलणंच बंद. म्हणून आमच्या धंद्यातला पहिला खर्च चार्जिंगच्या दिव्याचा.

पहिली वाकळ आम्ही ९०० रुपयांना विकली. कापड-दोऱ्याचे ४१० गेले. उरलेल्या ४९० वर सगळ्या खूश होत्या. मग मी राजम्याचे दाणे घेतले आणि एका बाईच्या एका दुपारला एक असे मांडले. तिघींनी आठ-आठ दुपारी दिल्या होत्या, म्हणजे २४ दाणे. खळीवालीने एकेका दाण्यापुढे पैसे ठेवले, ते वीस-वीस रुपये होते. ती बराच वेळ दाण्यांकडे बघत राहिली. आज आमची वाकळ २,४०० ला जाते. तरी मजुरी अजून कमीच पडते, असं माझं मत आहे.

खरी अडचण बँकेत आली. एकीचं खातं उघडायला गेलो तर "पालकाची सही आणा" म्हणाले. बाई ३४ वर्षांची, दोन मुलांची आई! दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १३ नुसार आपले आर्थिक व्यवहार आपण सांभाळायचा आणि बँकेचं कर्ज घ्यायचा तिला इतरांइतकाच हक्क आहे. दोन खेपा फुकट गेल्या. तिसऱ्या खेपेला सांगलीहून सांकेतिक भाषेचा दुभाषी आणला, ८०० रुपये पदरचे दिले, आणि काम ४० मिनिटांत झालं.

"लिहून दाखवलं तर कळेल ना त्यांना?" असं लोक विचारतात. अनेकींना नाही कळत. त्यांची पहिली भाषा हातांची. छापील मराठी त्यांना परकी वाटते. यात आम्हा शिक्षकांचाही दोष आहे. वर्गात खुणा करू नयेत म्हणून आम्ही मुलींना हात मागे बांधून बसवायचो आणि ओठ वाचायला लावायचो. त्याचं मला आज फार वाईट वाटतं.

बचत गटाचंही तसंच. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानात दिव्यांगांच्या गटाला दहाऐवजी पाच सदस्य चालतात. पण गट एकाच गावचा हवा, असं आम्हाला सांगण्यात आलं. एका गावात पाच कर्णबधिर बायका कुठून आणायच्या? असा गट तालुक्याचा धरला तरच ही सवलत कामाची.

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तीन-चार गावांनी मिळून त्यातून महिन्याचे दोन दिवस दुभाष्याला द्यावेत. बँक, पंचायत समिती, दवाखाना, सगळी कामं त्या दोन दिवसांत लावता येतील. ही मागणी मी तिन्ही गावांच्या सरपंचांना लेखी दिली आहे.

गिऱ्हाइकांनाही एक विनंती. पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा यांच्या उपयोगाचा नाही. पैसे पाठवलेत की मोबाइलचा पडदा त्यांना दाखवा. ऑर्डरसाठी फोन करू नका, फोटो आणि माप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मागच्या प्रदर्शनात बहुतेक लोक टेबलाशी येऊन "बोलणारं कोण आहे?" म्हणत मला शोधायचे आणि भाव माझ्याशी करायचे. वाकळ शिवणारी समोरच उभी असायची. येत्या दिवाळीला आम्ही पुन्हा टेबल लावतोय आणि या वेळी मी मुद्दाम तिथे थांबणार नाही. किंमत कार्डावर लिहिलेली असेल. रंग, काठ, माप जे हवं ते बोटाने दाखवा, त्यांच्याकडे बघून.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज