तंबूची हमी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग.

विषय : सहा जणांच्या तंबूतील दोष आणि 'नैसर्गिक आपत्ती'चे कारण देऊन नाकारलेली हमी.

महोदय,

मी नागपूर येथे राहते व एका बँकेत नोकरी करते. गेल्या डिसेंबरमध्ये मी आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावरून सहा जणांसाठीचा तंबू १४,४९९ रुपयांना विकत घेतला. तो आम्ही पहिल्यांदा उभारला त्याच रात्री त्याची कांब मोडली आणि आतले सर्व अंथरूण भिजले. याविषयी मी केलेली तक्रार आपल्या प्रतिनिधींनी 'नैसर्गिक आपत्तीमुळे झालेले नुकसान हमीत समाविष्ट नाही' एवढ्या एका वाक्यात निकाली काढली आणि सोबत पुढच्या खरेदीवर १५ टक्के सवलतीचे कूपन पाठवले. कूपन मी वापरणार नाही. हे पत्र त्या एका वाक्याला उत्तर आहे.

मार्च महिन्याचा दुसरा शनिवार असल्याने बँकेला सुट्टी होती. मी, माझे यजमान, सासूबाई आणि आमची दोन मुले असे पाच जण काटोलजवळ माझ्या थोरल्या भावाच्या संत्र्याच्या बगिच्यात एका रात्रीच्या मुक्कामाला गेलो होतो. त्या दिवशी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा यलो अलर्ट होता. विजांसह हलका ते मध्यम पाऊस आणि ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाचे वारे, असा तो इशारा होता. हे आम्हाला ठाऊक होते, आणि ते मी लपवत नाही. ठाऊक असूनही आम्ही गेलो, कारण आपल्या जाहिरातीत आणि तंबूच्या खोक्यावरही हा तंबू ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा सहन करतो, त्याच्या कापडाची जलरोधक क्षमता ३००० मिलिमीटर आहे आणि त्याच्या सर्व शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे, असे छापलेले आहे. इशाऱ्यातला आकडा आपल्या आकड्यापेक्षा बराच कमी होता. इतका साधा हिशेब करूनच आम्ही निघालो.

तंबू माझ्या यजमानांनी उभारला. ते कॉलेजच्या दिवसांपासून डोंगरात भटकणारे आहेत, त्यामुळे पुस्तिकेतील प्रत्येक पायरी पाळली गेली याची मी खात्री देऊ शकते. मार्चमध्ये आमच्याकडची काळी माती वाळून दगडासारखी होते. खुंट्या हातोडीने ठोकाव्या लागल्या आणि आठही ताणदोऱ्या ओढून बांधल्या. त्या खुंट्या दुसऱ्या दिवशी सकाळी जागच्या जागी होत्या, एकही उपटली गेली नव्हती, हे सोबतच्या छायाचित्रांत दिसेल. आपल्या प्रतिनिधींनी दूरध्वनीवर 'मॅडम, बांधणीच चुकली असेल' असे सुचवले होते, म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहिले.

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पश्चिमेकडे विजा चमकू लागल्या. गोवऱ्यांच्या आरात रोडगे नुकतेच घातले होते आणि वरण चुलीवर होते. मोठ्या मुलाला मी वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायला सांगितले. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. पहिल्यांदा त्याने एकवीस मोजले, म्हणजे वीज सात किलोमीटरवर होती. थोड्या वेळाने त्याचे मोजणे बारावर आले. मोजणी तीसच्या आत आली की उघड्यावर थांबू नये, हे मला माहीत होते, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲपही आमच्या भोवती विजा दाखवत होते. म्हणून रोडगे तसेच सोडून आम्ही पाचही जण मोटारीत बसलो व काचा वर केल्या. कापडी तंबू विजेपासून संरक्षण देत नाही. आसऱ्याला पक्की इमारत किंवा पत्र्याच्या टपाची बंद मोटार लागते. ही गोष्ट आपल्या बत्तीस पानी पुस्तिकेत एकाही ओळीत नाही. पुस्तिका इंग्रजी व हिंदीत आहे, मराठीत नाही, हेही जाता जाता नोंदवते.

त्यानंतरचे अडीच तास आम्ही मोटारीत काढले. पहिला जोराचा वारा आला आणि दहा मिनिटांच्या आत, मोटारीच्या दिव्यांच्या उजेडात, आम्हा सर्वांच्या डोळ्यांदेखत तंबूची मुख्य कांब धातूच्या जोडापाशी तडकली व छत एका बाजूने बसले. पाऊस त्यानंतर सुरू झाला. तेव्हा बाहेर जाऊन काही सावरणे शक्य नव्हते, कारण विजा डोक्यावर होत्या. सासूबाई जप करत होत्या, धाकटी रोडग्यांसाठी रडत होती आणि आमच्याजवळ खायला चिवड्याची एक पिशवी तेवढी होती. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर पूर्ण अर्धा तास थांबून आम्ही दहा वाजता खाली उतरलो. तंबूच्या तळात दोन बोटे पाणी होते. दोन गाद्या, चार गोधड्या आणि मुलांचे कपडे चिंब झाले होते. कोसळलेले छत उचलताना तुटलेल्या कांबेचे काचतंतू यजमानांच्या उजव्या तळहातात शिरले. ते दुसऱ्या दिवशी नागपुरात डॉक्टरांकडून काढून घ्यावे लागले. रात्री आम्ही भावाच्या गावातल्या घरी झोपलो.

पाणी कापडातून आले नाही. सकाळी उन्हात धरून पाहिले तेव्हा छताची शिवणीवरची पट्टी जवळजवळ हातभर लांब सुटून लोंबत होती आणि सुईची छिद्रे उघडी पडली होती. ३००० मिलिमीटर याचा अर्थ तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड झिरपू न देता पेलते, असा आहे. पण ती चाचणी कापडाची असते. कापड शिवले की प्रत्येक टाक्यागणिक एक छिद्र पडते आणि तिथे सगळी भिस्त पट्टीवर असते. ती पट्टी पहिल्याच पावसात सुटत असेल, तर ३००० हा आकडा खोक्यावर छापण्याला काही अर्थ उरत नाही. याउलट, तंबूपासून तीस पावलांवर भावाने हरभऱ्याच्या ढिगावर ताडपत्री टाकून सुतळीने बांधली होती. तो हरभरा सकाळी कोरडा होता.

आता आपल्या 'नैसर्गिक आपत्ती'विषयी. आपल्या हमीपत्रात या शब्दांची व्याख्या दिलेली नाही, त्यामुळे मी शासनाचा निकष पाहिला. महाराष्ट्रात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी धरतात. माझ्या भावाचा कापणीला आलेला गहू त्या रात्री आडवा झाला, म्हणून तो पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे गेला होता. मंडळातला पाऊस निकषाच्या निम्म्यालाही पोचलेला नाही आणि गारपीटही झालेली नाही, असे सांगून त्याला परत पाठवण्यात आले. म्हणजे आपत्ती नव्हती म्हणून भावाला भरपाई नाही, आणि आपत्ती होती म्हणून मला नाही. एकाच रात्रीची ही दोन वर्णने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

वाऱ्याचे म्हणाल, तर तो मोजण्याचे उपकरण माझ्याजवळ नव्हते. मात्र झाडांवरच्या परिणामांवरून वेग अजमावण्याची बोफर्ट श्रेणी जगभर वापरली जाते. तिच्यानुसार ताशी ६२ ते ७४ किलोमीटर वेगाला झाडांच्या डहाळ्या मोडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भावाबरोबर बगिच्यातून फिरलो. वाटाण्याएवढी संत्री थोडीफार गळली होती, पण एकाही झाडाची डहाळी मोडलेली नव्हती, आणि बैलांच्या कोठ्यावरचा एकही पत्रा हलला नव्हता. त्या बगिच्यात त्या रात्री मोडलेली वस्तू एकच होती आणि ती आपण विकलेली होती. आणि घटकाभर मान्य केले की तो वारा नेहमीपेक्षा जोराचा होता, तरी वारा आणि पाऊस या ज्या दोन गोष्टींसाठी माणूस तंबू घेतो त्याच हमीतून वगळल्यावर हमी नेमकी कशाची उरते, हे आपण मला लेखी कळवावे.

माझी मागणी अशी आहे की आपण तंबूची पूर्ण किंमत १४,४९९ रुपये परत करावी, उपचाराचा आणि खराब झालेल्या गाद्यांचा मिळून ६,२०० रुपये खर्च द्यावा आणि खोक्यावरचे वाऱ्याचे व शिवणींचे दावे ज्या चाचणीवर आधारलेले आहेत तिच्या अहवालाची प्रत मला पाठवावी. बदली तंबू मला नको. पुस्तिकेत विजेबाबतची सूचना ठळकपणे घालण्याची विनंती मात्र मी माझ्यासाठी करत नाही. आमच्याऐवजी एखादे कुटुंब त्या तंबूत बसून राहिले असते, तर हे पत्र वेगळ्याच कोणाला लिहावे लागले असते.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी नागपूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. आपले कार्यालय दुसऱ्या राज्यात असले तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्यासाठी शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. त्यामुळे मला घाई नाही.

तंबू मी धुतलेला नाही. मोडलेली कांब, सुटलेली पट्टी आणि काटोलची वाळलेली माती यांसह तो पोत्यात बांधून घरी ठेवला आहे. आपल्या तंत्रज्ञाला तो पाहायचा असल्यास त्याने दोन दिवस आधी कळवून यावे. रविवारी मी दिवसभर घरी असते.

आपली,
(स्वाक्षरी)
तक्रारदार ग्राहक, नागपूर

सोबत : खरेदीची पावती, सतरा छायाचित्रे, डॉक्टरांचे बिल, आपल्या ईमेल उत्तराची प्रत आणि न वापरलेले कूपन.