सही करायच्या आधी

रंकाळा, कोल्हापूर

प्रिय दोस्ता,
सप्रेम नमस्कार.

दसऱ्याला गाडी घेतोयस हे वहिनींकडून कळलं, लई आनंद झाला. पण सही करायच्या आधी हे पत्र वाच.

गेल्या महिन्यात मीही गाडी घेतली. शोरूमचं नाव लिहीत नाही. आईला आधी चहा दिला, मग कोटेशन पुढ्यात सरकवलं. विमा, एक्स्टेंडेड वॉरंटी, टेफ्लॉन कोटिंग, ॲक्सेसरीज किट आणि तळाला हँडलिंग चार्जेस. "सर, पॅकेजच आहे, सगळं कंपल्सरी." मी पेन काढलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे कायदा मागतो, बँक मागते, की तुम्ही? हँडलिंगची वेगळी पावती मागितल्यावर मॅनेजरनं ती ओळ स्वतःच खोडली.

कायद्याला लागतो तो थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याचा, नव्या कारला तीन वर्षांचा. १ सप्टेंबर २०१८ पासून तसा नियम आहे. त्यासोबत मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा, तो तुझा आधीच असेल तर परत घेऊ नकोस. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा कर्ज देणारी बँक मागते. पण यातलं काहीही शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. मी बाहेरून घेतला, तोच कव्हर बराच स्वस्त पडला.

तरी सरसकट नाही म्हणू नकोस. तुझं घर शाहूपुरीत. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण दोघांनी बघितलाय. माझ्या मेहुण्याच्या गाडीत पाणी सीटपर्यंत चढलं होतं, दारावर चिखलाची रेघ. ओसरल्यावर त्यानं चावी फिरवली आणि इंजिन जाम झालं. भिजलेल्या सीटचे पैसे मिळाले, इंजिनचे नाहीत, कारण पाणी शिरलेलं इंजिन चालू केल्यानं झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. तुला इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पॉलिसीला वरून जोडायचं इंजिनाचं कव्हर, घ्यायलाच हवं. आणि पाणी शिरलंच तर चावीला हात लावायचा नाही, गाडी टो करूनच न्यायची.

कर्जाचं बघ. कर्ज विमा, वॉरंटी हळूच कर्जाच्या रकमेत घालतात आणि सात वर्षं त्यावर व्याज भरायला लागतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नव्या कर्जाला 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्च मांडलेला कागद, द्यावंच लागतं, तेही तुला समजेल अशा भाषेत. त्यात व्याजदराशेजारी एपीआर असतो. प्रोसेसिंग फी, बँकेनं वसूल केलेला विम्याचा हप्ता, सगळं धरून पडणारा वर्षाचा खरा खर्च तो. दोन बँकांची तुलना त्याच्यावर कर.

रविवारी ये. कोटेशनचा फोटो नको, कागदच आण, आपण ओळ न् ओळ बघू. आई तांबडा-पांढरा करणार आहे.

तुझाच,
विनू