शनिवारी निघण्याआधी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी ‘बर्फात कशाला तडफडायला जायचं’ म्हणालो आणि तू फोन ठेवलास. तुझी आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. टाइप करताना चिडचिड होते, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. जाऊ नको म्हणणार नाही. जा.

तुमच्या अमेरिकेतला तो डोंगर, माउंट रेनियर, नकाशावर शोधला. तुम्ही जिथून चालायला लागणार ते पॅराडाइज ५,४०० फुटांवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढं, १,६४६ मीटर! आपण जिथे नारळ फोडून मागे फिरलो, तेवढ्या उंचीवर तुमची गाडी उभी राहणार. बर्वेकाकांना हे मी दोनदा सांगितलं.

बर्फात चालायला बुटांखाली बांधतात त्या स्नोशूजचा व्हिडिओ पाहिला. पाऊल रुंद झालं की भार पसरतो, पाय रुतत नाही. घर बांधताना चिखलात फळ्या टाकून चालायचो, तसंच. मागे पाऊल टाकू नकोस, स्नोशूचं मागचं शेपूट बर्फात अडकून आपटशील. गोल फिरून वळ. आत सुती कपडे नकोत. जन्मभर मी सुतीच घाल म्हणत आलो, पण घामाने भिजलेलं सुती तिथे वाळत नाही, अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर घाल. मोठ्या झाडांच्या बुंध्याशी जाऊ नकोस, फांद्यांखालचा बर्फ भुसभुशीत असतो, माणूस खोल जातो. गाडीत चाकांच्या साखळ्या आहेत ना? त्या पार्कात १ मेपर्यंत जवळ बाळगाव्याच लागतात. आणि दमलीस तर सांग.

झालं, सुरू झालं माझं. तीस वर्षं खडू हातात होता, सोडून दे.

पण दमलीस तर खरंच सांग. बरोबरचे निम्मे लोक लहानपणापासून बर्फात वाढलेले, असं तूच म्हणालीस. त्यांच्यासमोर कसं थांबायचं म्हणून दात आवळून चालशील. गेल्या वर्षी अंगात ताप घेऊन आठवडाभर ऑफिसला गेलीस, आम्हाला महिन्याने कळलं.

कळसूबाईला तू पाचवीत होतीस. नवे कॅनव्हासचे बूट. लोखंडी शिड्या माझ्यापुढे चढलीस, वर देवळापाशी उड्या मारल्यास. खाली पायथ्याच्या बारी गावात येऊन मोजा काढायला गेलो, तर तो टाचेला चिकटलेला. सबंध वाटेत एक अक्षर बोलली नव्हतीस. पुढे कित्येक वर्षं मी कौतुकाने सांगत सुटलो, आमची पोरगी हूं की चूं करत नाही. पहिल्या शिडीखाली ‘रडेल त्याला परत पाठवणार’ असं मीच दरडावलं होतं, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. तुझ्या आईलासुद्धा नाही.

असो. लाडू त्या पाकिटातले शिल्लक असतील तर दोन खिशात टाक.

खाली आलीस की फोन कर. तुझे संध्याकाळचे सहा म्हणजे आमचे सकाळचे साडेसात. मी पाणी भरत असतो तेव्हा, पण फोन खिशात ठेवीन. बर्फातला फोटो पाठव, बर्वेकाकांना दाखवायचाय. आणि मोजे काढल्यावर टाचांचा.

तुझा,
बाबा