'शक्यता नाकारता येत नाही' : गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : जन्मठेपेच्या बंद्यांच्या मुदतपूर्व सुटकेचे प्रस्ताव आणि त्यांना होणारा विलंब

महोदय,

गेली नऊ वर्षे मी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरील वकील म्हणून आठवड्यातली एक दुपार एका मध्यवर्ती कारागृहात घालवते. शिक्षाबंद्यांचे अर्ज लिहून देणे, अपिलाची कागदपत्रे मागवणे, रजा आणि माफीचे (चांगल्या वर्तनाबद्दल किंवा कामाबद्दल शिक्षेतून कमी होणाऱ्या दिवसांचे) नियम समजावून सांगणे हे माझे तिथले काम. या काळात जन्मठेपेच्या बंद्यांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न 'मॅडम, माझी फाइल कुठं आहे?' हा आहे आणि त्याचे खात्रीचे उत्तर मला क्वचितच देता आले आहे. हे पत्र त्या फायलीविषयी आहे.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण तो तुरुंगाबाहेर जितका आहे तितकाच आतही आहे. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे नव्हेत. दिवस आणि रात्र वेगळे मोजून माणूस सात वर्षांत सुटतो, ही तर निव्वळ पारावरची गप्प. गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितले होते की जन्मठेप ही बंद्याच्या नैसर्गिक आयुष्याच्या अखेरपर्यंतची शिक्षा आहे आणि माफीचे कितीही दिवस साठले तरी सरकारने आदेश काढल्याशिवाय त्याला सुटण्याचा हक्क मिळत नाही. दंड संहितेत २० वर्षांचा आकडा येतो तो शिक्षेचे अंश मोजण्यापुरता. चौदाचा आकडा १९७८ च्या दुरुस्तीने आला. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे अशा गुन्ह्यात जन्मठेप झालेल्याला प्रत्यक्ष १४ वर्षे तुरुंगात काढल्याखेरीज सोडता येणार नाही, असे तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३३-अ ने ठरवले. तीच तरतूद आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७५ मध्ये आहे. थोडक्यात, चौदा वर्षांनंतर फक्त विचार सुरू करता येतो. पॅनेलवरच्या माझ्या पहिल्या वर्षी मी स्वतः हे एका बंद्याच्या बायकोला चुकीचे सांगितले होते. माझ्या शब्दावर विसंबून तिने मुलीचे लग्न एक वर्ष पुढे ढकलले आणि शेवटी ते वडिलांविनाच झाले.

महाराष्ट्रात हा विचार गृह विभागाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार होतो. त्यांपैकी ११ मे १९९२ ची आणि १५ मार्च २०१० ची तत्त्वे माझ्यासमोर वारंवार येतात. गुन्हा रागाच्या भरात घडला की आधी ठरवून, एकट्याने केला की अनेकांनी मिळून, त्यात कौर्य किती होते, यावरून बंद्याचा प्रवर्ग ठरतो आणि त्या प्रवर्गाप्रमाणे माफीचे दिवस धरून २०, २२, २४, २६ अशी वर्षे भरावी लागतात. शिक्षा लागली त्या दिवशीचे धोरण बंद्याला लागू होते आणि नंतरचे धोरण अधिक सवलतीचे असेल तर त्याचा फायदाही त्याला मिळायला हवा, असे हरियाणा राज्य विरुद्ध जगदीश या २०१० च्या निकालात म्हटले आहे. पॅरोलवर घालवलेले दिवस प्रत्यक्ष शिक्षेच्या वर्षांत धरायचे नाहीत, हे गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट झाले. इतका हा किचकट हिशेब. आणि तो करतो कोण, तर कारागृहातला एक लिपिक, ज्याच्या टेबलावर त्याच वेळी कोर्टाच्या तारखा, जामिनाचे आदेश आणि रजेचे अर्ज येऊन पडलेले असतात. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. जेवणाचा डबा बाजूला सारून, हिस्ट्री तिकिटावरचे, म्हणजे बंद्याच्या तुरुंगातल्या नोंदपत्रकावरचे, माफीचे दिवस पेन्सिलने टिंबे देत मोजताना मी त्याला पाहिले आहे.

आता एक उदाहरण. ओळख पटू नये म्हणून नाव आणि गाव लिहीत नाही. ऊसपट्ट्यातला हा शेतकरी. २००४ च्या पावसाळ्यात बांधावरून भांडण झाले आणि याने हातातली कुऱ्हाड चुलतभावावर घातली. गुन्हा त्याने माझ्यापाशी कधी नाकारला नाही, स्वतःला निर्दोषही म्हणवले नाही. २००५ मध्ये जन्मठेप झाली. त्यानंतर संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) मिळून तो अकरा वेळा गावी जाऊन आला आणि अकराही वेळा मुदतीत परतला. ऑक्टोबर २०१७ मध्ये ऐन दिवाळीत एसटीचा संप होता, तेव्हा उशीर नको म्हणून तो मालट्रकने आदल्या रात्रीच येऊन कारागृहाच्या दाराबाहेर बसून राहिला होता. मे २०२० मध्ये शासनाने नियमांत बदल करून कोविडची अभिवचन रजा दिली तेव्हा तो जवळजवळ दोन वर्षे घरी होता, दर तीस दिवसांनी पोलीस ठाण्यात हजेरी देत होता, आणि शासनाने बोलावल्यावर आपल्या पायांनी परत आला. त्या हजेरीच्या चिठ्ठ्या त्याने शिवणकाम विभागातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांच्या पिशवीत जपून ठेवल्या आहेत. प्रत्येकीवर ठाण्याचा गोल शिक्का आहे.

२०२४ च्या सुरुवातीला त्याची वर्षे भरली आणि प्रस्ताव निघाला. काही महिन्यांनी त्याच ठाण्याचा अभिप्राय आला : 'सदर बंद्यास मुदतपूर्व सोडल्यास गावात कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

महोदय, ही शक्यता कोणाच्या बाबतीत नाकारता येते? माझ्या बाबतीत तरी येते का? ज्या ठाण्याच्या हद्दीत हा माणूस कुलूपबंद नसताना जवळजवळ दोन वर्षे राहिला, तिथे त्या काळात त्याच्याविरुद्ध साधी अदखलपात्र तक्रारही नोंदली गेलेली नाही. याविषयी अभिप्रायात एक अक्षर नाही. मी आजवर असे तीसेक अभिप्राय वाचले असतील. त्यांतल्या बहुतेकांत हेच वाक्य आहे, आणि एका अभिप्रायात तर आधीच्या कोणा बंद्याचे नाव खोडायचे राहून गेले होते.

प्रस्तावासाठी मागवल्या जाणाऱ्या न्यायालयाच्या मताचीही तीच गत. शिक्षा देणारे न्यायाधीश केव्हाच निवृत्त झालेले असतात. त्या न्यायालयाचे आजचे पीठासीन अधिकारी जुने निकालपत्र वाचून 'गुन्हा गंभीर स्वरूपाचा आहे, सबब सुटकेची शिफारस करता येत नाही' असे कळवतात. गुन्हा गंभीर नसता तर जन्मठेप झालीच नसती. लक्ष्मण नस्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली काय पाहायचे ते सांगून ठेवले आहे : गुन्ह्याचा परिणाम व्यक्तीपुरता होता की समाजावर झाला, तो पुन्हा घडण्याची भीती कितपत आहे, गुन्हा करण्याची क्षमता बंद्यात उरली आहे का, त्याला आणखी डांबून ठेवण्यात काही हेतू आहे का, आणि त्याच्या कुटुंबाची परिस्थिती काय आहे. या बाबींचा विचार न करता दिलेले, पुरेशी कारणे नसलेले मत चालणार नाही, असेही छत्तीसगढच्या रामचंदर प्रकरणात २०२२ मध्ये सांगून झाले आहे. पाचांपैकी चार बाबी बंद्याच्या आजच्या स्थितीशी निगडित आहेत आणि आमच्या फायलींमध्ये जवळजवळ सारे काही गुन्ह्याच्या दिवसाविषयी असते.

वास्तविक हा माणूस आज कसा आहे, हे पारखण्याची सोय आपल्याकडे आधीपासून आहे. पैठण, मोर्शी, विसापूर इथली खुली कारागृहे पाहावीत. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला तर औंध संस्थानाने १९३९ मध्येच कैद्यांना भिंतीविना ठेवून शेतीला लावले होते आणि ती वसाहत आजही चालू आहे. तिथे पाठवण्यासाठी बंद्याची निवड आपलेच अधिकारी कसून करतात. जिथून पळून जायला कोणी अडवणार नाही तिथे वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसाविषयी त्याच शासनाच्या दुसऱ्या खात्याने काहीही न तपासता भीती व्यक्त करावी, याची संगती मला लावता आलेली नाही.

मेलेल्या माणसाच्या घरच्यांचे काय, असा प्रश्न इथे येतो आणि तो यायलाच हवा. त्या चुलतभावाची विधवा आजही त्याच आळीत राहते. ती माझी अशील नाही. तिला भेटण्याचा मला अधिकारही नाही. पण फायलीत तिचा जबाब आहे, अंगठ्यासह, दोन ओळींचा : 'त्यास सोडल्यास माझ्या जिवास धोका उत्पन्न होण्याची शक्यता नाकारता येत नाही.' खेड्यातली पन्नाशीची बाई अशा भाषेत बोलत नाही. तिला खरोखर काय वाटते, तिला भीती वाटते का, ती मनाविरुद्ध राजी होईल का, की त्याचे तोंडही पाहायची तिची इच्छा नाही, हे त्या कागदावरून कळायला मार्ग नाही. ती नको म्हणत असेल तर तो नकारही तिच्या शब्दांत यायला हवा. ज्या व्यवस्थेने बंद्याला वाऱ्यावर सोडले तिनेच या बाईलाही ऐकलेले नाही.

शासनाने सैल हाताने सर्वांना सोडावे, असे माझे म्हणणे नाही. बिल्किस बानो प्रकरणातल्या अकरा दोषींना गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ रोजी सोडले तेव्हा मला इतर अनेकांइतकीच चीड आली होती. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले, कारण खटला आणि शिक्षा मुंबईत झाल्यामुळे हा अधिकार गुजरातचा नव्हता, महाराष्ट्राचा होता. म्हणजे तो भार आपल्याच विभागावर आहे, आणि उद्या असा अर्ज आपल्यासमोर आला तर तो नाकारण्यासाठीसुद्धा कारणे लिहावीच लागतील. 'शक्यता नाकारता येत नाही' एवढ्यावर तो नकार कोर्टात टिकणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या १८ फेब्रुवारी २०२५ च्या निकालाने तर ही सारी पद्धतच बदलायला हवी होती. राज्याचे धोरण असेल तर पात्र ठरणाऱ्या प्रत्येक बंद्याचा विचार शासनाने स्वतःहून करायचा, बंद्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी अर्ज करण्याची वाट पाहायची नाही. होकार असो वा नकार, कारणे थोडक्यात नोंदवायची. आणि आदेश बंद्याला ताबडतोब कळवायचा, असे न्यायालयाने त्यात सांगितले आहे. सुटकेच्या अटींबद्दलही त्यात स्पष्टता आहे. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये गुजरातच्या मफाभाई मोतीभाई सागर प्रकरणात, सुटल्यावर दोन वर्षे 'सभ्यपणे वागावे' ही अट न्यायालयाने रद्द केली होती, कारण सभ्यपणा कशाला म्हणायचे हे कोणीच सांगितलेले नव्हते आणि कोणी तरी तक्रार केली एवढ्यावर माणूस पुन्हा आत जाऊ शकला असता. अटी नेमक्या हव्यात, पाळता येतील अशा हव्यात, आणि सुटका रद्द करायची तर आधी नोटीस देऊन म्हणणे ऐकून घ्यायला हवे.

अटी कागदावर कशा दिसतात आणि जगताना कशा जाणवतात, यात फार अंतर असते. तीन वर्षांपूर्वी सुटलेला एक जण वीटभट्टीवर काम करतो. महिन्यातून एकदा ठाण्यात हजेरी, एवढीच त्याची अट. पण वेळ लिहिलेली नाही. सकाळी दहाला गेला की 'साहेब बाहेर आहेत' म्हणून तो चारपर्यंत बाकड्यावर बसतो, आणि त्या दिवसाची मजुरी जाते. दोनदा असे झाल्यावर मुकादमाने विचारले, 'ठाण्यात तुझं काय काम असतं?' तोवर तिथे कोणाला काही माहीत नव्हते. आदेशात 'सकाळी १० ते ११' असे चार शब्द असते तर त्याला ती भट्टी बदलावी लागली नसती.

तेव्हा माझ्या मागण्या खर्चिक नाहीत. बंद्याची वर्षे भरण्याच्या सहा महिने आधी प्रस्ताव कारागृहातून निघावा आणि दोन्ही धोरणांखालचा हिशेब त्याच्या हातात मराठीत मिळावा. पोलिसांच्या अभिप्रायाचा नमुना बदलून त्यात रजेवरील वर्तणूक, गेल्या पाच वर्षांतल्या तक्रारी आणि धोक्याचे नेमके कारण हे रकाने सक्तीचे करावेत. रकाना कोरा असेल तर अभिप्राय परत जावा. मृताच्या कुटुंबाचा जबाब ठाण्यातल्या हवालदाराऐवजी विधी सेवेच्या प्रतिनिधीने घरी जाऊन घ्यावा आणि सुटकेची तारीख त्यांना आधी कळवावी, म्हणजे तो माणूस एका सकाळी अचानक दारासमोरून जाताना दिसणार नाही. मंत्रालयात प्रस्ताव आल्यावर तीन महिन्यांत निर्णय व्हावा. होत नसेल तर का होत नाही, हे बंद्याला लेखी कळावे. आणि प्रत्येक कारागृहात किती प्रस्ताव किती महिन्यांपासून पडून आहेत, हे आकडे दर तिमाहीला विभागाने जाहीर करावेत. डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात कारागृहे व सुधारसेवांविषयीचे विधेयक आणताना शासनाने सुधारणेवर भर दिला होता. त्या कायद्याच्या नियमांत यातले बरेच काही बसवता येईल.

त्या शेतकऱ्याच्या प्रस्तावाला आता दोन वर्षे होत आली. दोनदा तो त्रुटीसाठी परत आला. एकदा वयाच्या दाखल्यासाठी, एकदा अभिप्रायाची मूळ प्रत हवी म्हणून. ही दोन वर्षे कोणत्याही न्यायालयाने त्याला सुनावलेली नाहीत. प्रस्तावाचा क्रमांक मी आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्र पत्राने पाठवला आहे. निर्णय काय व्हावा हे मी त्यात लिहिलेले नाही. फाइल सध्या कोणत्या टेबलावर आहे, एवढेच विचारले आहे. येत्या मंगळवारी मी पुन्हा कारागृहात जाईन, तेव्हा तो मला तेच विचारणार आहे.

आपली विश्वासू,
विधी सेवा पॅनेलवरील एक वकील